दोन तव्यांचा नाश्ता

इंग्लंडात वाढलेल्या आमच्या मुलांना रविवारी बेकन-मशरूम टोस्ट हवाच. भारतातून येणारी आई डुकराचं मांस खात नाही. पहिल्या खेपेला ती ताट घेऊन वेगळी बसायची. म्हणून आता तवे दोन.

आईच्या तव्यात लोणी, मशरूम, शेवटी लसूण-मिरपूड. मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच; त्यामुळे तव्यात गर्दी न करता, मोठ्या आचेवर, पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत परतायचे.

दुसऱ्यात चरबीच्या पट्ट्यांचं 'स्ट्रीकी' बेकन. गार तव्यात ठेवून मंद आचेवर तापवलं की चरबी सुटते, तेल लागत नाही. त्यातच उरलेले मशरूम. बेकन मुळात खारट, तेव्हा वरून मीठ नको.

टोस्ट सगळ्यांना एकच. आई आता आमच्यासोबतच बसते. फक्त बजावते, "उलथनं वेगळं हं!"