दिवेवाल्यांचं चंदननगर

१९९३ साली मला बढती मिळाली ती बदलीसकट. पुण्याच्या शाखेतून उचलून बँकेनं मला टाकलं ते थेट पश्चिम बंगालमध्ये, हुगळी जिल्ह्यातल्या एका शाखेत, कर्जांच्या टेबलावर. बंगाली येत नव्हतं, मोहरीच्या तेलाचा वास सोसत नव्हता आणि मुलांच्या शाळेपायी सौ. पुण्यातच राहिलेली. आठवडा कसाबसा निघायचा, रविवार मात्र खायला उठायचा. अशाच एका रविवारी शाखेतले कॅशियरबाबू म्हणाले, ‘चला, तुम्हाला फ्रान्स दाखवतो.’ आणि लोकलची दोन तिकिटं काढून त्यांनी मला चंदननगरला नेलं.

हावड्याहून बंडेल किंवा वर्धमानच्या लोकलनं तासाभराचा रस्ता. स्टेशनाबाहेर तेव्हा सायकलरिक्षा असायच्या, आता बॅटरीवर चालणाऱ्या ‘टोटो’ असतात. बाजार, गटारं, माशांचा वास, तारांची जाळी. हे कसलं फ्रान्स, असं मनात येईपर्यंत रिक्षा वळते आणि समोर एकदम गंगा येते. तिच्या काठानं जाणारा रुंद, झाडांच्या सावलीचा रस्ता म्हणजे स्ट्रँड. बाकं, दिव्याचे जुने खांब आणि पाण्यात उतरणारा घाट. घाटावरच्या खांबांच्या मंडपावर फ्रेंचमध्ये एक नाव कोरलंय, ‘दुर्गाशोरोन रोकित’. फ्रेंच मुखातून निघालेले हे आपले दुर्गाचरण रक्षित! फ्रान्सचा ‘लेजियाँ द’ऑनर’ हा किताब मिळालेले इथले गृहस्थ. त्यांच्या स्मरणार्थ मंडप १९२१ साली बांधला.

फ्रेंच इथं सतराव्या शतकाच्या अखेरीस आले. १६८८ साली त्यांची वखार नीट बसली. १७३१ ते १७४१ या दहा वर्षांत डुप्ले इथं कारभारी होता आणि त्यानं व्यापार असा वाढवला, की शेजारच्या कलकत्त्याच्या इंग्रजांच्या पोटात दुखू लागलं. २३ मार्च १७५७ ला क्लाइव्ह आणि वॉटसननं तोफा डागून इथला किल्ला पाडला. बरोबर तीन महिन्यांनी प्लासी झाली. गाव पुढे फ्रेंचांना परत मिळालं, पण व्यापार गेला तो गेलाच. उरलं ते हे टुमदार गाव. १९ जून १९४९ ला लोकांनी प्रचंड बहुमतानं भारतात यायचं ठरवलं, २ मे १९५० ला कारभार आपल्याकडे आला आणि १९५४ मध्ये गाव पश्चिम बंगालात विलीन झालं.

पाहुण्यानं काय पाहावं? डुप्लेचा वाडा, त्यात आता संग्रहालय आहे. १८८४ चं सेक्रेड हार्ट चर्च, दुपारी आत शिरलं की बाहेरचा उकाडा विसरायला होतो. दिवाण इंद्रनारायण चौधरींनी १७४० च्या सुमारास बांधलेलं नंददुलालचं देऊळ, बंगाली झोपडीच्या दुपाखी छपरासारखं. स्ट्रँडच्या टोकाचं ‘पातालबाडी’ नावाचं घर, ज्याचा तळमजला जमिनीखाली आहे आणि भरल्या गंगेचं पाणी त्याला येऊन भिडतं. रवींद्रनाथ या घरी राहून गेलेत. आणि जी. टी. रोडवरची १९३७ ची कमान, तिच्यावर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन फ्रेंच शब्द. खालून लॉऱ्या धावत असतात.

पण मी थबकलो तो कनाईलाल दत्तांच्या पुतळ्यापाशी. कॅशियरबाबू म्हणाले, ‘हा तुमच्याकडे शिकलेला.’ मी समजलो थट्टा करतायत. नव्हती. जन्म इथला, १८८८ चा, पण वडील मुंबईत नोकरीला, म्हणून पोरगा गिरगावात आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत होता. मग इथल्या डुप्ले कॉलेजात आला. ३१ ऑगस्ट १९०८ ला अलीपूरच्या तुरुंगात त्यानं आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी माफीच्या साक्षीदाराला गोळ्या घातल्या आणि १० नोव्हेंबरला कनाईलाल फासावर गेला, विसाव्या वर्षी. त्याच साली जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, तीही बंगालच्या बाँबवर लिहिलेल्या अग्रलेखांसाठी. हे सगळं मी शाळेत पाठ केलं होतं. पण गिरगावचा एक मुलगा या घाटावर फिरला असेल हे कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याबद्दल त्यांना आठवतं ते वेगळंच. कॅशियरबाबूंच्या आईनं मी मराठी आहे हे ऐकून हसून विचारलं, ‘म्हणजे बर्गी?’ १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांचे बारगीर भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात घुसले. ते बारगीर इथल्या अंगाईत अजून आहेत, मुलांना झोपवण्यापुरते! म्हातारीनं मला दोन रसगुल्ले जास्त वाढले. बर्गीला खूश ठेवलेला बरा.

आता मुख्य गोष्ट. १९९४ च्या उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर चंदननगरचा एक कारागीर येऊन बसला. हातात पत्र्याची पेटी. त्यात बांबूच्या कामट्यांवर बांधलेले इवलेसे दिवे आणि लाकडाचा एक रूळ. पंधरा हजारांचं कर्ज हवं होतं. मी विचारलं, ‘तारण काय?’ त्यानं पेटी पुढे सरकवली. मग तो समजावून सांगू लागला. दिवे सहा पूर्णांक दोन व्होल्टचे, म्हणजे घरच्या विजेवर लावायचे तर पस्तीस-छत्तीस एका माळेत ओवायचे. मी मनात २२० ला ६.२ नं भागलं, हिशेब चोख होता. दिव्यांना रंगीत कागद गुंडाळायचा. रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या, मोटरनं तो फिरला की पट्टी जिथं टेकेल तेवढ्याच माळा पेटतात, आणि कामट्यांचा मोर पिसारा फुलवतो. कोणत्या पट्टीनंतर कोणती, ते सगळं त्याच्या डोक्यात होतं. एक दिवा गेला की अख्खी माळ काळोखी. तो शोधत बसायचा, रात्री-बेरात्री.

मी शेरा लिहिला: ‘हंगामी व्यवसाय. तारण नाही. परतफेडीची क्षमता शंकास्पद.’ आणि सही केली. नियमानं बघाल तर एक अक्षरही चुकलं नव्हतं.

दिवाळीनंतर कॅशियरबाबूंनी पुन्हा नेलं, या खेपेला जगद्धात्रीच्या पूजेला. बंगालभर दुर्गापूजा मोठी, चंदननगरात मात्र ही. कार्तिक शुद्ध सप्तमीपासून दशमीपर्यंत. चार हातांची देवी सिंहावर, सिंहाच्या पायाखाली हत्तीच्या रूपातला असुर. मूर्ती दुमजली घराएवढ्या, अंगावर शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्यातून कोरलेले पांढरेशुभ्र दागिने. ही पूजा त्या इंद्रनारायण चौधरींनी सुरू केली असं गाव मानतं. चाउलपट्टीतल्या, म्हणजे तांदूळबाजारातल्या देवीला ‘आदि मा’ म्हणतात. शेजारच्या भद्रेश्वरात, तेंतुलतलाला, निरोपाच्या वेळी पुरुष लुगडी नेसून देवीची ओटी भरतात.

दशमीच्या रात्री विसर्जनाची मिरवणूक निघाली. आपल्या लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत कान बहिरे होतात, इथं डोळे दिपतात. मूर्तीच्या लॉरीपुढे दिव्यांच्या चौकटींच्या लॉऱ्या, एकामागून एक. पहाटे तीनच्या सुमाराला एक लॉरी आली, तिच्यावर दिव्यांची होडी. नावाडी वल्हं मारतोय, पाणी हलतंय, वल्ह्यावरून थेंब गळतायत. लॉरीच्या कडेला रूळाजवळ तोच माणूस बसला होता, हातात पक्कड. पैसे सावकाराकडून काढले असणार, किती टक्क्यानं ते मी विचारलं नाही. त्यानं मला पाहिलं आणि ओळखून हात जोडले. मी गर्दीत मागे सरकलो.

१९९६ ला माझी बदली झाली. पुढे दोन कादंबऱ्यांत बँक आली, बंगाल आला, ही होडी नाही आली.

२०२३ च्या नोव्हेंबरात, निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर, सौ.ला घेऊन पुन्हा गेलो. मूर्ती तशाच, दिवे बदललेले. सगळीकडे एलईडी, नक्षी संगणकावर ठरते. श्रीधर दासांसारख्या कलावंतांनी गावाचं नाव पार परदेशात नेलंय. एका कारखान्यात बायका मांडी घालून चौकटीत दिवे खोचत होत्या. मी मालकाला त्या माणसाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘रूळवाले ना? त्यांचा हात फार चांगला होता. एलईडी आले तेव्हा रूळ कोणाला नकोसे झाले. ते मुलीकडे वर्धमानला गेले. आता आहेत की नाही, माहीत नाही.’ एका कोपऱ्यात पोत्याखाली तसाच एक रूळ पडला होता, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. ‘त्यांचाच?’ मी विचारलं. ‘कोणाचा कोण जाणे,’ तो म्हणाला आणि फोन घ्यायला वळला. भिंतीवर एका बँकेचं कॅलेंडर होतं, खाली ओळ छापलेली: यंत्रसामग्रीसाठी सुलभ कर्ज.

मिरवणूक उजाडेपर्यंत चालली. पाच वाजता आम्ही स्ट्रँडवर येऊन बाकावर टेकलो. मूर्ती बुडवून रिकाम्या लॉऱ्या परतत होत्या, विझलेल्या चौकटी नुसत्या तारांच्या दिसत होत्या. पिशवीत सूर्य मोदकांच्या दुकानातले ‘जलभरा’ संदेश होते, ताडगोळ्याच्या आकाराचे, चावलं की आत गुलाबपाणी. नव्या जावयाची फजिती करायला तेलिनीपाड्याच्या जमीनदारांनी ते बनवून घेतले, अशी कथा आहे.

‘अहो, आज कार्तिकी एकादशी,’ सौ. म्हणाली. ‘चालेल का हे?’

‘छेना आणि साखर. चालायला हरकत नाही.’

तिनं एक तोंडात टाकला, पदरावर सांडलेलं गुलाबपाणी पुसलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘पण तुम्हाला त्याचं नाव इतकी वर्षं कसं काय आठवलं?’

‘अर्जावर होतं,’ मी म्हणालो. ‘माझ्या सहीच्या वर.’