तालीम आणि शिकवणाऱ्याचे समाधान

मराठी माणसाला ‘तालीम’ म्हटले की तांबडी माती, मारुतीची तसबीर आणि शड्डूचा आवाज आठवतो. हैदराबादेत मात्र या शब्दाचा पहिला अर्थ शिक्षण असा आहे. आमचे तेलुगू शेजारी लाठीच्या खेळाला ‘कर्रसामु’ म्हणतात. कर्र म्हणजे काठी आणि सामु म्हणजे कसरत. रविवारी सकाळी कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीतील एका उद्यानात मुलांच्या हाती वेळूची काठी देऊन मी जे करतो, ते सांगायला अशा रीतीने तीन भाषांतले शब्द सहज मिळतात. ते करताना मला स्वतःला काय मिळते, यासाठी मात्र नेमका शब्द अजून सापडलेला नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘दिवसभर दवाखाना सांभाळून हा उद्योग कशासाठी?’ असे विचारले, तेव्हा निदान वर्णन करून पाहावे असे ठरवले.

आपली ही वस्ती मुळात बाहेरून आलेल्यांची. बालानगरचे औषधनिर्मितीचे आणि विमानाच्या भागांचे कारखाने, रामचंद्रपुरमचे ‘भेल’ आणि पुढे माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय यांच्या मागोमाग मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडील अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांची तिसरी पिढी आता शाळेत आहे. माझ्याकडे येणारी निम्मी मुले मराठी, उरलेली तेलुगू आणि एखाद-दुसरे उत्तरेकडचे. कोणी ‘काका’ म्हणते, कोणी ‘मास्टारु’, कोणी नुसतेच ‘सर’. सूचना मी मराठीत देतो, समजूत तेलुगूत घालतो आणि रागावायचे झाल्यास दख्खनी हिंदी वापरतो. त्या भाषेत रागावलेले मुलांना फारसे लागत नाही.

डॉक्टर मंडळींना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. बरा झालेला रुग्ण परत येत नाही, आणि त्याने येऊही नये. आपल्या कामाचे उत्तम फळ आपल्या डोळ्यांआड पिकते. समोर येतो तो न बरा झालेला, अर्धवट बरा झालेला किंवा नव्याने आजारी पडलेला. वर्षानुवर्षे असे चालले की मनाला एक प्रकारची कोरड पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व्याधींच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मनोमन मान हलवली असेल. मैदानावर हा हिशेब नेमका उलटा असतो. तेथे आलेले मूल पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. गेल्या वेळी जेथे अडखळले होते, त्याच्या दोन पावले पुढे जाऊन अडखळते, आणि हे सारे आपल्या नजरेसमोर घडते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतील सातव्या टप्प्यात, म्हणजे मध्यम वयात, माणूस पुढच्या पिढीची जोपासना करू लागतो किंवा साचून राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र एका आठ वर्षांच्या मुलाने प्रथमच न घाबरता कोलांटी मारली त्या दिवशी उमगला.

कोलांटीचा विषय निघालाच आहे तर तेथे थोडे थांबतो. आपली मर्दानी खेळांची परंपरा लाठीपासून सुरू होते. मी मात्र पहिले काही आठवडे मुलांना काठी देतच नाही, केवळ पडायला शिकवतो. ही रीत ज्युदोकडून उसनी घेतलेली आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. त्यांनी १८८२ साली टोकियोत आपली शाळा काढली, आणि त्यांच्या पद्धतीत पडण्याचे तंत्र हा पायाचा धडा आहे. हनुवटी छातीशी, पाठीला गोलाई, हात टेकायचा नाही, तर तळहात आणि बाहू एकत्र जमिनीवर आपटायचे. पसरलेल्या हातावर पडल्यामुळे मनगटाजवळचे हाड मोडलेली किती मुले आपण पाहतो! पडताना हात पुढे टाकणे ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे आणि ती सरावाने बदलता येते.

पण या धड्याचा खरा लाभ हाडांपुरता मर्यादित नाही. आपल्या वस्तीतील मुलांना पडण्याची सवय फारशी राहिलेली नाही. घर सातव्या मजल्यावर, शाळेची बस दारात, आणि हातात गुणपत्रिका. चुकणे आणि पडणे ही दोन्ही क्रियापदे त्यांच्या कानांवर केवळ धाकाने येतात. गवतावर तीस वेळा मुद्दाम पडून, तीस वेळा हसत उठलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जो एक निवांतपणा येतो, तो पाहण्यासाठी मी पहाटे पाचला उठतो. दवाखान्यात इतक्या झटपट गुण देणारे औषध माझ्याकडे नाही.

मल्लखांबाच्या इतिहासात एक हकीकत परंपरेने सांगितली जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले, सप्तशृंगीच्या परिसरात जाऊन साधना केली आणि परत येऊन अलीला चीत केले. झाडावर झेपावणाऱ्या माकडांपासून त्यांना मल्लखांबाची कल्पना सुचली असे म्हणतात. हैदराबादेत राहून ही गोष्ट मुलांना सांगताना मजा येते. वर्गातली तेलुगू आणि उर्दू बोलणारी पोरे लगेच अलीची बाजू घेतात. त्यांना मी एवढेच विचारतो की, त्या कुस्तीचे पुढे काय झाले? ती एका दुपारी संपली. बाळंभटदादा मात्र त्यानंतर शिकवत राहिले, १८१८ नंतर बाजीरावासोबत ब्रह्मावर्तास गेले, तेथेही शिकवत राहिले, आणि दोनशे वर्षांनंतर मल्लखांब जिवंत आहे तो त्या शिकवण्यामुळे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

त्या स्पर्धेमागे ज्यांचे अथक परिश्रम होते, ते दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे. कस्टम्स खात्यातली नोकरी सांभाळून ते मल्लखांब शिकवत राहिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कार्यातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवण्याचा. आपण शिकवताना ‘असे करून दाखव’ म्हणतो. ज्याला दिसतच नाही त्याला काय दाखवणार? तेथे स्पर्श आणि शब्द एवढ्यावरच भिस्त. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून निदान करण्याचे आपले कौशल्य आणि मुलाच्या पावलाला हात लावून दोरीची आढी समजावण्याचे त्यांचे कौशल्य, यांचे नाते जवळचे आहे असे मला नेहमी वाटते. अशा मुलाने दोराच्या टोकाशी, जमिनीपासून कितीतरी उंचावर स्थिर आसन घेतले, तर खाली उभ्या असलेल्या शिक्षकाच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी.

या सुखाला एक धोकाही चिकटलेला आहे, आणि तो शिकवणाऱ्याच्या बाजूचा आहे. मुलाच्या यशात आपले यश पाहण्याची चटक फार लवकर लागते. आपल्या भागात कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग पुष्कळ आहेत. त्यांतले काही फार चांगले आहेत. पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘बेल्ट कब मिलेगा?’ हाच असतो. ज्युदोतील रंगीत पट्ट्यांची चाल युरोपात १९३० च्या दशकात रुळली, ती शिकणाऱ्याला उमेद यावी म्हणून. उमेद देणारी वस्तू विकायला ठेवली की तिचे काय होते, हे ‘टॉनिक’च्या बाटल्यांचा व्यवहार जवळून पाहिलेल्या आपल्या मंडळींना समजावून सांगायला नको. माझ्या वर्गात पट्टे नाहीत. काही पालकांनी याच कारणासाठी मुले काढून घेतली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण मला त्या मुलांची आठवण येते.

या संदर्भात मायकेल ट्रुल्सन यांचा १९८६ सालचा एक अभ्यास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अभ्यास लहान, केवळ चौतीस किशोरवयीन मुलांचा, सर्व तेरा ते सतरा वयाची आणि गुन्हेगारीकडे झुकलेली. एका गटाला पारंपरिक तायक्वांदो शिकवला, म्हणजे ध्यान, आदर आणि संयम यांसह. दुसऱ्याला केवळ मारामारीचे तंत्र. तिसऱ्याला नुसता व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील आक्रमकता कमी झालेली दिसली, तर दुसऱ्या गटातील वाढलेली. २००४ मध्ये लेक्स आणि हॉइट यांनी शालेय मुलांवर केलेल्या अभ्यासातही नेहमीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासापेक्षा तायक्वांदोच्या वर्गातील मुलांचे आत्मनियंत्रण अधिक सुधारल्याचे आढळले. काठी तीच असते, वारही तेच असतात. ती हातात देताना आपण काय बोलतो, यावर सारे अवलंबून आहे. म्हणून लाठीत मला सर्वांत प्रिय क्षण म्हणजे अडवलेला वार नव्हे, रोखलेला वार. समोरच्याच्या कानापासून चार बोटांवर काठी थांबवणे हे मारण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ज्या दिवशी एखाद्या तापट मुलाची काठी तशी थांबते, त्या दिवशी तोच सर्वांत जास्त चकित झालेला असतो.

वैद्यकीय दृष्टीने एक-दोन गोष्टी नमूद करणे माझे कर्तव्य आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली याविषयी निवेदन प्रसिद्ध केले. त्यानुसार अंगलटीविना होणारे प्रकार मुलांसाठी अधिक सुरक्षित आहेत, डोक्यावर आघात होणारे प्रकार टाळावेत, आणि शिरस्त्राण घातले म्हणून मेंदूला धक्का बसत नाही हा समज चुकीचा आहे. आपल्याकडील स्पर्धांच्या आयोजकांपर्यंत हे पोहोचवण्याचे काम डॉक्टरांनीच करायला हवे. दमा असलेल्या मुलांना पालक मैदानापासून दूर ठेवतात. दमा आटोक्यात असेल आणि इन्हेलर जवळ असेल तर त्याची गरज नसते.

आता जे मनाला लागते त्याविषयी. आपल्या भागात आठवीपासून ‘फाउंडेशन’चे वर्ग सुरू होतात आणि रविवारची सकाळ त्यांच्याकडे जाते. दर जूनमध्ये माझ्या वर्गातील मोठी मुले एकेक करून गळतात. मुली त्याही आधी. एक मुलगी होती. काठी फिरवताना तिचे मनगट असे चाले की लहान मुले सराव सोडून बघत राहत. आठवीच्या वर्षी तिचे येणे बंद झाले. दीड वर्षाने तिची आई तिला दवाखान्यात घेऊन आली. डोकेदुखी, झोप नाही, भूक नाही. तपासण्या सर्व ठीक. मुलामुलींनी रोज सरासरी तासभर तरी मध्यम ते जोमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या मुलीच्या दिवसात शौचालयापर्यंत चालणे आणि बसपर्यंत चालणे एवढेच होते. मी आईला बाहेर बसायला सांगितले नाही. दोघींसमोर सरळ म्हणालो, “औषध नाही, रविवारी एक तास द्या.” आईने घड्याळाकडे पाहिले, नंतर मुलीकडे पाहिले, आणि काही बोलली नाही.

ती त्या रविवारी आली नाही. त्यानंतरच्याही नाही. प्रवेश परीक्षा संपल्यावर, दोन वर्षांनी मे महिन्यात ती आली, आणि सुट्टीभर येत राहिली. तिला लहानांचा गट दिला. पहिल्याच दिवशी एक चिमुरडा पडून रडू लागला, तेव्हा तिने त्याला उचलले नाही. शेजारी जाऊन ती स्वतः पडली, अगदी हनुवटी छातीशी घेऊन, आणि आडव्या पडल्या पडल्याच त्याला म्हणाली, “बघ, आकाश इथून चांगलं दिसतं.” हे वाक्य मी शिकवलेले नव्हते.

खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून त्या ऋणाची फेड केली. प्राचार्यांना काय मिळाले, असे लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटे. आता विचारावेसे वाटत नाही. ती मुलगी सध्या परगावी शिकते. जाताना आपली काठी परत करू लागली, ती मी घेतली नाही. वसतिगृहाच्या खोलीत ती दाराआड उभी असते, असे तिच्या आईने परवा रक्तदाब तपासून घेताना सांगितले.