आधी कॅल्क्युलस की लिनिअर अल्जेब्रा? एआय शिकायचंय, तर गणिताची सुरुवात कुठून कराल

बारावी झाली, इंजिनीअरिंगचे वर्ग सुरू व्हायला वेळ आहे आणि डोक्यात एआय, डेटा सायन्स आहे. अशा वेळी अनेकांचं गाडं एकाच प्रश्नावर अडतं. कॅल्क्युलस पूर्ण न करता लिनिअर अल्जेब्रा सुरू करता येईल का? थोडक्यात उत्तर : येईल. पण कॅल्क्युलस टाळता येणार नाही.

दोन्हींत फरक काय?

दोन वडापाव आणि एक चहा ५० रुपये, एक वडापाव आणि दोन चहा ४० रुपये. म्हणजे वडापाव २० चा, चहा १० चा. अशी समीकरणं शेकड्यांनी आली की ती मॅट्रिक्समध्ये मांडून सोडवतात. ही लिनिअर अल्जेब्राची सुरुवात. कॅल्क्युलस बदलाचा वेग मोजतं. गाडीचा स्पीडोमीटर दाखवतो तो त्या क्षणाचा वेग, म्हणजेच अंतराचं डेरिव्हेटिव्ह. वडापावचा हिशोब करताना ते कुठेच लागलं नाही.

एआयमध्ये काय लागतं?

दोन्ही. २८ बाय २८ पिक्सेलचा कृष्णधवल फोटो संगणकासाठी ७८४ आकड्यांचा व्हेक्टर असतो. न्यूरल नेटवर्क त्याला मॅट्रिक्सने गुणतं. उत्तर चुकलं, तर मॅट्रिक्समधला कोणता आकडा किती बदलायचा हे ग्रेडियंटवरून ठरतं, आणि ग्रेडियंट कॅल्क्युलसमधून येतो. २०२४ पासून सुरू झालेल्या 'गेट'च्या डेटा सायन्स आणि एआय पेपरच्या अभ्यासक्रमातही दोन्ही विषय आहेत.

मग क्रम कसा ठेवायचा?

• डेटा सायन्स, कॉम्प्युटर : आधी लिनिअर अल्जेब्रा. कोडिंगमध्ये त्याचा लगेच उपयोग होतो.

• मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल : आधी कॅल्क्युलस. वेग, करंट, भार ही सगळी बदलाची गणितं आहेत.

• अनेक चलांचं कॅल्क्युलस : त्याआधी मॅट्रिक्स हवंच. इथे बदल एका आकड्यात मावत नाही, तो जेकोबियन नावाच्या मॅट्रिक्समध्ये लिहावा लागतो.

घाईत काय चुकतं?

पहिल्या वर्षी मी आयगेन व्हॅल्यू काढायच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. पेपर सुटला, पण ती संख्या नेमकं काय सांगते हे कळलं नव्हतं. मॅट्रिक्सने गुणल्यावर काही व्हेक्टरची रेषा बदलत नाही, ते फक्त लांब-आखूड होतात किंवा उलटतात. किती, ते आयगेन व्हॅल्यू सांगते. हे एका चित्रात समजलं असतं. क्रम कोणताही घ्या, अर्थ सोडू नका.

आजपासून काय कराल?

राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितात पहिल्या भागात मॅट्रिक्स आणि व्हेक्टर आहेत, दुसऱ्या भागात डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. तीन चलांची तीन समीकरणं मॅट्रिक्सने, कागदावर सोडवून पाहा. जमली, तर एमआयटीचे निवृत्त प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची मोफत लेक्चर्स लावा. कोर्सच्या पूर्वअटीत कॅल्क्युलस दिसेल, पण घाबरू नका. पहिलंच लेक्चर दोन समीकरणांपासून सुरू होतं. अडलात, तर बारावीचं पुस्तक आहेच.