महासंगणकाच्या दारातली रांग

रेल्वेची खिडकी असो की दवाखाना, रांग कुणालाच चुकत नाही. शास्त्रज्ञही याला अपवाद नाहीत. त्यांची रांग लागते महासंगणकाच्या दारात. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक!

पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ हा भारतीय महासंगणक तयार केला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. यंत्रे वाढली, तशी मागणीही वाढली. कुणाला औषधाचा रेणू तपासायचा असतो, कुणाला दूरच्या ताऱ्यांच्या नोंदी चाळायच्या असतात. इतके महागडे यंत्र प्रत्येकाला वेगळे कोण देणार? ते वाटूनच घ्यावे लागते.

मग पहिला नंबर कुणाचा? हे ठरवायला माणूस नव्हे, ‘स्लर्म’सारखा प्रोग्राम बसवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो केवळ आधी कोण आला एवढेच पाहत नाही. ज्याने अलीकडे यंत्र भरपूर वापरले, त्याला तो थोडा मागे सारतो. ज्याच्या वाट्याला कमी आले, त्याला पुढे घेतो.

काही कामे मात्र थांबू शकत नाहीत. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला, तर शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून हवामानाच्या अंदाजासाठी यंत्राचा वेळ आधीच राखून ठेवावा लागतो किंवा वेगळे यंत्रच लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील ‘अर्का’ हा त्याच कामासाठी आहे.

रांगेतल्या प्रत्येकाला आपल्या कामाला किती वेळ लागेल, हे आधी सांगावे लागते. समजा, यंत्राचे शंभर भाग आहेत. पन्नास भाग आणखी सहा तास गुंतलेले आहेत आणि रांगेत पहिल्या असलेल्या कामाला ऐंशी भाग हवेत. तोवर पन्नास भाग रिकामेच राहणार! अशा वेळी दोन तासांचे छोटे काम मागून येऊन तेथे उरकून जाते. पुढच्याचा एक मिनिटही खोळंबा होत नाही.

पण दोन तासांच्या कामाला कुणी भीतीपोटी दहा तास मागितले, तर ही संधी हुकते. आणि लवकर नंबर लागावा म्हणून मुद्दाम कमी वेळ सांगितला, तर मुदत संपताच काम मध्येच तोडले जाते. अपुरे उत्तर मधूनमधून जपून ठेवले नसेल, तर सगळी मेहनत वाया!

थोडक्यात, या रांगेत ओळख किंवा वशिला नव्हे, नेमका हिशेब कामी येतो.