तळ्याला देवी आहे, नदीला कोण?

भिवंडी म्हटलं की आधी यंत्रमागांचा खडखडाट आठवतो आणि मग गोदामं. पाणी कुणाच्या ध्यानात येत नाही. खरं तर हे गाव पाण्याच्या आधारानंच वाढलं. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याला खाडीची वाट मिळाली. बंदर मोहल्ला आजही आहे, गलबतं गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ७ लाखांवर होती आणि या सगळ्यांचं सांडपाणी जिकडे उतार असेल तिकडे वाहतं.

त्यातल्या त्यात सुदैवी ते कामतघरचं वऱ्हाळादेवी तळं. काठावर देवीचं देऊळ, नवरात्रात गर्दी. शहराला पाणी मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि मुंबई महापालिका यांच्याकडून येतं, पण थोडं या तळ्यातूनही घेतलं जात आलं आहे. माग चालवायला तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं या परिसरात स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर बतुकम्माचा फुलांचा सण आला. त्यातली फुलं पाण्यात सोडतात, पण ते निर्माल्य निदान कुजतं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या विसर्जित मूर्तींचं तसं नाही. प्लास्टर सहजासहजी विरघळत नाही, तळाशी थर धरतं आणि रंगांतले जड धातू गाळात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना नकार दिला, तरी विसर्जनाचा प्रश्न दरवर्षी नव्यानं उभा राहतो. ज्या पाण्यात मूर्ती बुडवायच्या तेच पाणी नळाला द्यायचं, यातली विसंगती कुणाला फारशी खटकत नाही. तरीही या तळ्याची ओरड ऐकली जाते. काठावर भाविक आहेत, सकाळी फिरणारे आहेत, आणि जाब विचारायला एकच महापालिका आहे.

कामवारी नदीचं नशीब वेगळं. तालुक्यातल्या डोंगरउतारांवरून ती येते, शहराच्या कडेनं जाते आणि वसईच्या खाडीला मिळते. नदीनाक्याच्या पुलावरून बसनं जाताना लोक तिच्याकडे बघतही नाहीत; बघितलं तर पुष्कळदा पाण्याऐवजी हिरवीगार जलपर्णीच दिसते. ही हिरवळ निरोगीपणाची खूण नव्हे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती पोसते आणि पाण्यावर झाकण घालते.

या गावाच्या धंद्याचाही त्यात वाटा आहे. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ लावतात. खळ म्हणजे मुख्यतः स्टार्च, विषारी मुळीच नाही. पण धुऊन निघालेली खळ नाल्यात गेली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे विषानं नव्हे, गुदमरून मरतात. डाईंगच्या रंगीत पाण्यानं उजेडही आत शिरत नाही. आंघोळीयोग्य पाण्याचा निकष साधा आहे: लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमपर्यंत.

मग अडतं कुठे? माझ्या मते, हद्दीवर. एका बाजूला भिवंडी-निजामपूर महापालिका, तर पलीकडे शेलार, खोणी-खाडीपार या ग्रामपंचायती. तिथली वस्ती केव्हाच शहरी झाली, पण कारभार गावाचाच राहिला. नाला कुणाचा, गटार कुणाचं, शुद्धीकरण कुणी करायचं, याची उत्तरं काठागणिक बदलतात. पूर मात्र हद्द मानत नाही. मोठा पाऊस झाला की खाडीपारला पाणी भरतं आणि ईदगाह रस्त्यालाही. नदी पसरायची ती सखल जमीन भरावाखाली गेल्यावर दुसरं काय होणार?

सुधारणेच्या मोठ्या आराखड्याआधी एक स्वस्त गोष्ट करता येईल. प्रत्येक मोठ्या नाल्याच्या वर आणि खाली नमुने घ्यावेत आणि दर महिन्याचे आकडे नदीनाक्याच्या पुलावर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लावावेत. कुठल्या नाल्यानंतर प्राणवायू घसरला, हे मग दोन्ही काठांना वाचता येईल.