गोड्या पाण्याची साय

सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस सावित्री, वाशिष्ठी, मांडवीच्या वाटेने समुद्रास मिळाला की त्याची कथा संपली, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते किनाऱ्यालगत पाच-दहा मीटर जाडीच्या सायीप्रमाणे वर पसरते. त्याच सुमारास खोल समुद्रातील थंड पाणी उथळ तळावर सरकते. ते पोषकद्रव्यांनी समृद्ध, परंतु प्राणवायूने दरिद्री असते; आणि वरची साय त्याची हवेशी गाठ पडू देत नाही.

नद्याही रिकाम्या हाताने येत नाहीत. झिजलेल्या खडकांतील सिलिका त्या आणतात; डायटम या सूक्ष्म वनस्पतींची कवचे तिचीच बनतात. तिच्यासोबत शेतांतील युरियाचा अंश येतो आणि शहरांचे सांडपाणीही. गढूळपणा ओसरून ऊन पाण्यात शिरले म्हणजे या वनस्पती झपाट्याने वाढतात, मरतात आणि तळाशी जातात. त्यांचे विघटन करताना जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. मग ते नायट्रेटवर गुजराण करतात. तेही सरले की सल्फेटकडे वळतात, आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो.

हा कल्पनाविलास नव्हे. १९९९ साली पश्चिम किनाऱ्यावर आढळलेली ही अवस्था गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' नियतकालिकात मांडली. या पाण्यात नायट्रस ऑक्साइडही विपुल सापडला. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. जमिनीवरून वाहून येणारे नत्र या तीव्रतेस कारणीभूत असावे, असा त्यांचा कयास होता. निसर्गक्रमाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हा निवाडा मात्र सोपा नाही. तेवढ्यावरून हात झटकणे सोयीचे, पण युक्त नव्हे.

महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमेच्या मागेपुढे होड्या पाण्यात उतरतात. तळाचा प्राणवायू नीचांकाला पोहोचतो तो नेमका त्यानंतर, ऑक्टोबरपर्यंतच्या आठवड्यांत. तळालगतची मासळी तेव्हा अन्यत्र सरकते. यांत्रिक नौका तिचा माग काढू शकतात. खाडीच्या तोंडाशी जाळे टाकणाऱ्या लहान होडीला ते साधत नाही. खाडीमुखांशी या काळातील प्राणवायू व नत्र यांची मोजणी दरवर्षी व्हावी आणि तिचे आकडे कोळ्यांच्या सहकारी संस्थांपर्यंत पोहोचावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.