पहिल्यांदा गाणारी

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस पुन्हा उघडलं त्याला या ऑक्टोबरात दहा वर्षं होतील. १९९३ साली बंद पडलेलं, एके काळी बालगंधर्व आणि दीनानाथांनी गाजवलेलं ते थिएटर २०१६ मध्ये उजळलं, तेव्हा उद्घाटनाला पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. पियानोवर त्यांचे पती मार्क ट्रूप होते. दशकपूर्तीच्या निमित्तानं एका पाक्षिकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला. मुंबईत जन्मलेली मुलगी लंडनला जाते, नाव कमावते, ब्रिटिश सरकारचा किताब मिळवते आणि मायदेशी येऊन गाते, अशी गोष्ट त्यांना हवी होती. मी म्हटलं, रोझारिओ यांच्यासाठी जे नवं संगीत लिहिलं गेलं त्याबद्दल लिहिते. उत्तर आलं, ते नको, ते कुणाला कळत नाही. नव्वदच्या दशकात लंडनहून मी इथल्या एका मासिकाला लेख पाठवला होता, तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं. मधल्या काळात त्या उत्तरातला एक शब्दही बदलू नये, याचा मला मनापासून राग आला. हा मागोवा त्या रागातूनच लिहिते आहे.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगून टाकते, कारण ती पुष्कळांनी सांगितली आहेत. १९६० चा जन्म, लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयातलं शिक्षण, मग हँडेल, मोत्सार्ट, हायडन. ट्रेव्हर पिनॉक यांच्याबरोबरचं हायडनच्या 'स्टाबाट माटर'चं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यात सोप्रानोचा, म्हणजे स्त्रीच्या सगळ्यांत उंच पट्टीतला, तो आवाज पाहा. त्यात कंप अगदी कमी, सूर लागतो तो थेट मध्यावर, आणि वर जाताना आवाज पातळ होत नाही. असा आवाज असलेली गायिका आयुष्यभर जुन्या संगीतावर सुखानं राहू शकली असती. मान मिळाला असता, पैसा मिळाला असता, आणि कुणी 'हे कळत नाही' म्हणालं नसतं.

पण १९८९ च्या जूनमध्ये इज्लिंग्टनच्या आल्मेडा थिएटरात जॉन कॅस्कन यांचा 'गोलेम' हा नवा ऑपेरा झाला आणि त्यात मिरियमची भूमिका रोझारिओ यांनी केली. आल्मेडा म्हणजे तीनेकशे खुर्च्यांचं घर. पिएर ऑदी या तरुण दिग्दर्शकानं ते उभं केलं आणि तिथं दर उन्हाळ्यात नव्या संगीताचा महोत्सव भरवला. मी नोकरीसाठी नुकतीच लंडनला आले होते. तिकीट परवडायचं, आणि तिथं येणारे लोक आधीच सगळं माहीत असल्याच्या आविर्भावात येत नसत. 'गोलेम'च्या ध्वनिमुद्रणाला १९९१ मध्ये ग्रामोफोन पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या बातम्यांत रचनाकाराचं नाव मोठं होतं. तसं ते असायलाच हवं. गाणाऱ्यांची नावं मात्र शोधावी लागत होती.

इथं एक गोष्ट आपल्या बाजूनं सांगायला हवी. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, पण घराघरांत त्या बालगंधर्वांच्या म्हणून ओळखल्या गेल्या. बंदिश कुणाची हे विचारणारे थोडे, गाणारं कोण हे विचारणारे सगळे. तिकडे याच्या उलट. तिथल्या इतिहासात रचना छापली जाते, तिचा मालक रचनाकार, आणि पहिल्यांदा गाणारीचं नाव स्वरलिपीच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात. दोन्हीकडे कुणावर तरी अन्याय होतो. माझं भांडण तिकडच्या अन्यायाशी आहे, कारण त्यानं एका बाईचं खरं काम झाकलं गेलं.

ते काम काय असतं? नवी रचना हातात येते तेव्हा कुठंही ध्वनिमुद्रण नसतं, ऐकून शिकायला कुणी नसतं. कधी कधी तर पेन्सिलीनं लिहिलेली पानं टप्प्याटप्प्यानं येतात. पुढचा सूर मनात ऐकून लावायचा, कारण साथीतून तो मिळेलच असं नाही. आवाज वरच्या पट्टीत गेला की स्वरवर्णांतला फरक पुसट होत जातो, 'ई' आणि 'आ' जवळ येतात. अशा जागी रचनाकारानं महत्त्वाचा शब्द घातला असेल तर त्याला सांगावं लागतं की हा शब्द ऐकू जाणार नाही, खाली आणा किंवा बदला. श्वास कुठं मिळेल, किती वेळ सूर धरता येईल, कुठं आवाज फुटेल, हे सगळं त्या एका गळ्यावर ठरतं. मग ते छापलं जातं आणि पुढच्या पिढीला वाटतं, हे असंच सुचलं होतं.

जॉन टॅव्हनर यांच्याबाबत हे सगळ्यांत ठळकपणे घडलं. 'द व्हेल' (म्हणजे देवमासा) या रचनेमुळे ते १९६८ सालीच प्रसिद्ध झाले होते. १९७७ मध्ये त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला, आणि १९८९ च्या प्रॉम्स महोत्सवात चेलोवादक स्टीव्हन इसर्लिस यांनी वाजवलेल्या 'द प्रोटेक्टिंग व्हेल' (इथं व्हेल म्हणजे ओढणी) या रचनेनं त्यांना नवे श्रोते दिले. १९९२ च्या जूनमध्ये सफकमधल्या स्नेपच्या सभागृहात, बेंजामिन ब्रिटन यांनी वाढवलेल्या ऑल्डबरा महोत्सवात, त्यांचा 'मेरी ऑफ इजिप्त' झाला. शीर्षक भूमिका रोझारिओ यांची. संहिता मदर थेक्ला या ऑर्थोडॉक्स साध्वीची. अलेक्झांड्रियातली एक वेश्या जेरुसलेमला जाते, तिथं तिचं आयुष्य उलटतं आणि ती सगळं सोडून वाळवंटात निघून जाते. अनेक वर्षांनी झोसिमा हा साधू तिला भेटतो. एवढीच गोष्ट. टॅव्हनर यांना नाटक नको होतं, डोळ्यांसमोर सावकाश उलगडणारी धर्मप्रतिमा हवी होती.

मी तो प्रयोग पाहिला. स्नेपचं ते सभागृह मुळात बार्लीचं माल्ट करण्याची जुनी इमारत, विटांची, लाकडी छताची, नदीकाठच्या लव्हाळ्यात उभी. तिथं कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत येते. खाली एकच धरलेला षड्जासारखा सूर, आणि त्यावर रोझारिओ. पहिल्या भागातली मेरी शरीराच्या मस्तीत गाते, आणि त्याच गळ्यातून वाळवंटातली मेरी येते तेव्हा सुरातलं सगळं वजन काढून टाकलेलं असतं. स्वर तेच असतील, पण त्यांतली इच्छा गेलेली असते. भीमपलासीतला एखादा निषाद एका गायकाकडे आर्जव होतो आणि दुसऱ्याकडे नुसता थांबा, हे आपल्याला कळतं. तसा फरक एकाच बाईनं एका संध्याकाळी दाखवला. ते पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे संगीत समजायला मला लंडनमध्ये वाढायची गरज नव्हती.

समीक्षकांपैकी काहींना ते फार संथ वाटलं. संथ होतंच. पण त्याच सुमारास 'होली मिनिमलिझम' नावाचा एक शिक्का तयार झाला आणि तो गुरेत्स्की, आर्वो पेअर्ट आणि टॅव्हनर या तिघा रचनाकारांवर सरसकट मारला गेला. हा शिक्का आळशी होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्यात तीन माणसांचे तीन रस्ते एक केले गेले, आणि वर हे भोळ्या लोकांना फसवणारं सोपं संगीत आहे असा सूर लावला गेला. ज्यांनी तो लावला त्यांनी 'मेरी'ची स्वरलिपी उघडून ती गायला किती अवघड आहे हे पाहिलं नसावं. एका लंडनच्या मासिकात तर गायिकेच्या कामाला एका ओळीची जागा होती, आणि त्या ओळीत तिच्या दिसण्याबद्दल लिहिलं होतं. मी त्यांना पत्र लिहिलं. ते छापलं गेलं नाही.

गुरेत्स्कींचं उदाहरण तर माझ्या म्हणण्याचा पुरावाच आहे. त्यांची तिसरी सिंफनी १९७७ मध्ये फ्रान्समधल्या रॉयाँला पहिल्यांदा वाजली. पंधरा वर्षं ती थोड्या लोकांपुरती राहिली. १९९२ मध्ये डॉन अपशॉ यांच्या आवाजातलं, लंडन सिंफोनिएटाचं ध्वनिमुद्रण आलं आणि ते दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. क्लासिक एफएम हे रेडिओ केंद्र त्याच वर्षी सुरू झालं, त्याचाही त्यात वाटा होता. पण रचना तीच होती. पोहोचवला तो गळ्यानं.

ते दशक मी जगले म्हणून त्याबद्दल जरा लांबण लावते. बीबीसीच्या रेडिओ थ्रीवर नव्या रचना रात्री लागत. वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयात संगीताचा विभाग होता, तिथून स्वरलिपी आणि सीडी घरी नेता यायची. १९९३ मध्ये टॅव्हनर यांनी रशियन कवयित्री आना आख्मातोवा यांच्या कवितांवर सोप्रानो आणि चेलोसाठी 'आख्मातोवा साँग्ज' लिहिली, आणि ती रोझारिओ आणि इसर्लिस यांनी केली. रशियन शब्द, दोनच माणसं, साथीला काहीही नाही. मी स्वरलिपी समोर ठेवून ती ऐकली आणि श्वासाच्या जागा पेन्सिलीनं खुणावल्या. १९९८ मध्ये अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकच्या पंचविसाव्या वर्षासाठी 'इटर्निटीज सनराइज' आलं, राजकुमारी डायानाच्या आठवणीत, विल्यम ब्लेक यांच्या शब्दांवर. जुन्या वाद्यांच्या साथीनं नवं संगीत, आणि त्यासाठी जुन्या संगीतात तयार झालेला हा आवाज. त्याच काळात पेअर्ट यांनी 'कोमो सिएर्वा सेदिएन्ता' रोझारिओ यांचा आवाज मनात धरून लिहिलं. टॅव्हनर यांनी त्यांच्यासाठी तीसहून अधिक रचना केल्या. एखाद्या रचनाकारानं एका गळ्यावर इतका विश्वास टाकल्याचं दुसरं उदाहरण आपल्या काळात फार सापडणार नाही.

२००३ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये 'द व्हेल ऑफ द टेंपल' झालं, रात्री सुरू होऊन पहाटे संपणारं, सुमारे सात तासांचं. अनेक भाषांत संस्कृतही होती, शेवटाकडे उपनिषदांचे शब्द होते. सवाई गंधर्वच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना त्या लांबीचं नवल वाटलं नसतं. तिथल्या वर्तमानपत्रांना मात्र लांबीच मुख्य बातमी वाटली. मी तोवर भारतात परतले होते, ध्वनिमुद्रणावर ऐकलं.

त्यानंतरची वर्षं मला लिहायला कंटाळवाणी वाटतात, कारण ती मुख्यतः बंद पडण्याची आहेत. 'मेरी ऑफ इजिप्त'ची सीडी काढणारी कॉलिन्स क्लासिक्स ही कंपनी नव्वदचं दशक संपता संपता बंद पडली. आल्मेडातले नव्या ऑपेरांचे उन्हाळे संपले. टॅव्हनर २०१३ मध्ये गेले. २०२१ मध्ये सोप्रानो जेन मॅनिंग गेल्या. त्यांनी साडेतीनशेहून जास्त रचना पहिल्यांदा गायल्या होत्या. जूडिथ वीअर यांचा 'किंग हॅराल्ड्स सागा', एकट्या सोप्रानोनं साथीशिवाय आठ भूमिका गायचा तीन अंकी ऑपेरा, त्यांच्यासाठीच लिहिला गेला. पुढच्या गायिकांना नवं संगीत कुठून सुरू करावं हे कळावं म्हणून त्यांनी मार्गदर्शक पुस्तकंही लिहिली. त्यांच्या पाठोपाठ महिन्याभरात त्यांचे पती, रचनाकार अँथनी पेन, गेले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्ट्स काउन्सिलनं इंग्लिश नॅशनल ऑपेराचं नियमित अनुदान काढून घेतलं आणि लंडनबाहेर जायला सांगितलं. मार्च २०२३ मध्ये बीबीसीनं बीबीसी सिंगर्स हा १९२४ पासूनचा गायकवृंद बंद करण्याचं जाहीर केलं आणि गदारोळ झाल्यावर काही आठवड्यांत पाऊल मागे घेतलं. जी व्यवस्था एखाद्या गायिकेला सहा महिने एक अवघड रचना शिकू देत होती तिचेच खांब एकेक काढले गेले. २०२५ च्या एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सवाची सुरुवात 'द व्हेल ऑफ द टेंपल'नं झाली, वेगळ्या सोप्रानोच्या गळ्यातून. निदान हे झालं. एकीनं पहिल्यांदा गायलेलं दुसरीला गाता येतं, तेव्हाच ते संगीत जगलं असं म्हणता येतं.

आणि इकडे? २००९ पासून रोझारिओ आणि ट्रूप यांनी मुंबई, गोवा आणि इतर शहरांत मुलामुलींना गाणं शिकवायला सुरुवात केली. पुढं त्यातून गिव्हिंग व्हॉइस सोसायटी उभी राहिली, आणि २०१७ मध्ये रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये चिमारोझाचा अठराव्या शतकातला ऑपेरा उभा राहिला. हे काम फार मोठं आहे. ज्या शहरात ऑपेरासाठी गळा तयार करणारे गुरू मोजकेच होते तिथं त्यांनी ही तालीम दिली. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. आपण त्यांना गुरू म्हणून, मुंबईची लेक म्हणून, पुच्चिनी गाणारी म्हणून हवं तितकं कौतुक देतो. त्यांच्या गळ्यासाठी लिहिलं गेलेलं संगीत मात्र मुंबईच्या एकाही कार्यक्रमपत्रिकेत माझ्या वाचनात आलेलं नाही.

ऑक्टोबरच्या समारंभात काय ठेवायचं याच्या बैठका आता कुठंतरी सुरू असतील. 'मेरी ऑफ इजिप्त' मागत नाही, त्याला वृंद लागतो, पैसा लागतो, हे मला समजतं. 'आख्मातोवा साँग्ज'ला एक सोप्रानो आणि एक चेलोवादक लागतो. सहा गाणी आहेत, वीसेक मिनिटं होतात. रोझारिओ यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली या शहरात आहेत, आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात चेलो वाजवणारेही आहेत. स्वरलिपी छापलेली आहे, मागवली की येते.